प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : उसाच्या टिश्यूकल्चरचं माध्यम निर्जंतुक करताना

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांकडून ऊसरोपांच्या टिश्यूकल्चर प्रयोगशाळेबद्दल, म्हणजे उसाच्या लहान तुकड्यापासून बरणीतल्या पोषक माध्यमावर रोपं वाढवण्याबद्दल, आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. विषय वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांची गाठ ऑटोक्लेव्हशी, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याशी, येऊन पडते. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. तो नीट समजला तर पुढचे निम्मे प्रश्न सोपे होतात.

प्रश्न : आमच्याकडे उभा इलेक्ट्रिक ऑटोक्लेव्ह आहे. एका वेळी साधारण ८० बरण्या लावतो. दाबाचा काटा १५ पाउंडांवर (प्रति चौरस इंच) आला की २० मिनिटं मोजतो. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी निम्म्या बरण्यांत माध्यमावर पांढुरकी साय धरते. लॅमिनार फ्लोचा (गाळलेल्या हवेच्या कपाटाचा) फिल्टर बदलला, स्पिरिटचा ब्रँड बदलला, काही फरक नाही. – ऊसरोप उत्पादक, माढा

फिल्टर बदलण्याआधी एक गोष्ट पाहायला हवी होती. ज्या बरण्यांत रोप लावलंच नाही, झाकण उघडलंच नाही, त्यांतही साय येते का? प्रत्येक घाण्यातल्या, म्हणजे एका वेळी ऑटोक्लेव्हमध्ये लावलेल्या, शंभरातल्या किमान पाच बरण्या तशाच बंद ठेवा. ग्रोथ रूममध्ये २५ ते २८ अंशांना सात दिवस राहू द्या. त्या स्वच्छ राहिल्या आणि रोपं लावलेल्या खराब झाल्या, तर दोष हाताळणीत किंवा उसातच आहे. न उघडलेल्या बरण्यांतही साय आली, तर दोष ऑटोक्लेव्हमध्ये आहे आणि लॅमिनारवर कितीही खर्च केला तरी फरक पडणार नाही. साय वरून धरते आणि बरण्या घाण्यातल्या ठरावीक जागच्याच खराब होतात, असं तुमच्या बाबतीत असेल, तर आमचा संशय एकाच गोष्टीवर आहे : आत अडकलेली हवा.

जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात टिकून राहणारी त्यांची चिवट रूपं, दाबाने मरत नाहीत. ते मरतात ओल्या वाफेच्या उष्णतेने, आणि तीही पुरेसा वेळ मिळाली तर. दाब फक्त वाफेला शंभराच्या वर नेण्यासाठी असतो. आत निव्वळ वाफ असेल तर १५ पाउंडांना १२१ अंश मिळतात. पण हवा आणि वाफ मिसळलेली असली की काटा १५ च दाखवतो आणि तापमान मात्र खाली राहतं. दोन तृतीयांश हवा निघाली असेल तर सुमारे ११५ अंश, निम्मी निघाली असेल तर ११२, आणि हवा काढलीच नसेल तर जेमतेम १००. काट्याला यातला फरक कळत नाही.

११२ आणि १२१ यांत नऊच अंशांचं अंतर आहे, मग एवढं काय बिघडतं, असं वाटेल. चिवट बीजाणूंच्या बाबतीत तापमान १० अंशांनी उतरलं की मरण्याचा वेग साधारण दहा पटींनी कमी होतो. त्या हिशोबाने ११२ अंशांची २० मिनिटं म्हणजे १२१ ची जेमतेम अडीच मिनिटं. ११५ ला दिलेली २० मिनिटं म्हणजे पाच. तुमच्या बरण्या गरम झाल्या, अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) वितळलं, झाकणं घामेजली, सगळं शिजल्यासारखं दिसलं. बॅसिलस जिवाणूचे बीजाणू मात्र आत जिवंत राहिले आणि चौथ्या दिवशी उगवले.

हवा काढायची ती अशी. झाकण लावताना वाफेचा कॉक पूर्ण उघडा ठेवा. पाणी उकळू लागलं की आधी फुसफुस, थुंकल्यासारखी वाफ येते. ती हवेत मिसळलेली वाफ आहे. लगेच कॉक बंद करू नका. एकसारखा, न तुटणारा, जोरकस झोत सुरू झाल्यावर घड्याळ लावा आणि तो पाच मिनिटं वाहू द्या. बरण्या दाटीने भरल्या असतील तर दहा मिनिटं. मनात शंका असेल तर कॉकला उष्णता सोसणारी रबरी नळी लावून तिचं टोक थंड पाण्याच्या बादलीत बुडवा. जोवर हवा येतेय तोवर बुडबुडे वर येऊन फुटतात. निव्वळ वाफ आली की ती पाण्यातच विरते, कडकड आवाज येतो आणि बुडबुडा वर येत नाही. त्या क्षणापासून पाच मिनिटं. मग नळी आधी बादलीतून काढा आणि नंतरच कॉक बंद करा. नाही तर भांडं थंडावताना बादलीतलं पाणी आत ओढलं जातं.

बरण्यांची मांडणीही बघा. एकावर एक दाबून बसवलेल्या बरण्यांच्या मधोमध हवेचे कप्पे राहतात. हवा वाफेपेक्षा जड असल्यामुळे ती खालच्या थरात बसते, म्हणून खालच्या जाळीतल्या बरण्या जास्त खराब होतात. दोन बरण्यांत बोटभर जागा सोडा, तारेच्या जाळीच्या टोपल्या वापरा, पत्र्याचे बंद डबे नको. ८० ऐवजी ६० बरण्या लावल्याने एक घाणा वाढेल. पण सगळ्याच वाया जाण्यापेक्षा ते बरं.

यात सोलापूरची म्हणून एक बारीक गोष्ट आहे. आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. इथं हवेचा दाब थोडा कमी असतो, म्हणून पाणी ९८.५ अंशांच्या आसपासच उकळतं. काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवत असल्याने इथं १५ पाउंडांना आत साधारण १२० अंशच होतात, १२१ नव्हे. हा एक अंशही हिशोबात घ्या, कारण त्याने मरण्याचा वेग सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. उपाय सोपा : काटा १६ पाउंडांवर ठेवा. मात्र सेफ्टी व्हॉल्व्ह किती पाउंडांवर उघडतो, ते आधी भांड्यावरच्या पट्टीवर वाचून घ्या.

आणि वेळ कधीपासून मोजता? काटा १५ वर आला तेव्हा भांड्यातली वाफ तापलेली असते, बरणीतलं माध्यम अजून तिच्या मागे असतं. ४०-५० मिलिलिटर भरलेल्या बरणीला १२१ वर २० ते २५ मिनिटं पुरतात. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कला ३०, अर्ध्या लिटरला ३५, एका लिटरला ४० मिनिटं धरा. म्हणून एकाच घाण्यात ५० मिलिलिटरच्या बरण्या आणि एक लिटरचा फ्लास्क कधीच घालू नका. फ्लास्कच्या वेळेत बरण्या जळतात आणि बरण्यांच्या वेळेत फ्लास्क कच्चा राहतो.

प्रश्न : ऑटोक्लेव्ह टेप काळी पडते, म्हणजे माध्यम निर्जंतुक झालं ना? – प्रयोगशाळा सहायक, मोहोळ

नाही. टेप काळी पडते म्हणजे ती तापली, इतकंच. किती वेळ तापली, आणि घाण्याच्या मधोमधची बरणी किती तापली, हे ती सांगत नाही. टेपचा उपयोग आहे, पण तो तापलेली आणि न तापलेली बरणी एकमेकींत मिसळू नये यासाठी.

खरी परीक्षा हवी असेल तर जैविक निर्देशक वापरा. छोट्या कुपीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू आणि जांभळं द्रव असतं. या बीजाणूंची ९० टक्के संख्या मारायला १२१ अंशांना साधारण दीड-दोन मिनिटं लागतात. म्हणून हे मेले तर बाकीचे नक्की मेले. कुपी घाण्याच्या मधोमध, शक्यतो खालच्या टोपलीत ठेवा. घाणा झाल्यावर ५५ ते ६० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये २४ ते ४८ तास ठेवा. शेजारी न तापवलेली दुसरी कुपी ठेवा. ती पिवळी व्हायलाच हवी. तापवलेली कुपी जांभळीच राहिली तर घाणा यशस्वी. तीही पिवळी झाली तर आजचा तो सारा माल बाजूला काढा. महिन्यातून एकदा हे करा, आणि ऑटोक्लेव्ह दुरुस्त करून आल्यावर न चुकता करा.

प्रश्न : भारनियमनात घाणा अर्ध्यात थांबतो. १० मिनिटं झाल्यावर वीज गेली तर वीज आल्यावर उरलेली १० मिनिटं द्यावीत का? – टिश्यूकल्चर तंत्रज्ञ, पंढरपूर

तशी बेरीज होत नाही. काटा खाली आला की निर्जंतुकीकरणही मंदावतं, आणि तापमान नेमकं किती घसरलं हे तुम्हाला माहीत नसतं. वीज आल्यावर हवा पुन्हा काढा आणि पूर्ण वेळ पहिल्यापासून मोजा. उभ्या ऑटोक्लेव्हचं भांडं जाड असेल आणि वीज पाच मिनिटांत परत आली असेल तरी हाच नियम.

दोनदा शिजल्याने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटतो, माध्यम थोडं पिवळं पडतं, सामू (पीएच) अर्ध्या अंकाने आणखी उतरू शकतो. बीएपी, कायनेटिन, एनएए या वाढीच्या संप्रेरकांना त्याची फारशी झळ बसत नाही. म्हणून एकदा पुन्हा शिजवलेलं माध्यम वापरा. तिसऱ्यांदा मात्र नाही. जे घट्ट झालं नसेल किंवा चहासारखं दिसत असेल, ते टाकून द्या.

अर्धवट शिजलेल्या बरण्या उद्यावर ढकलू नका. निम्मं तापलेलं माध्यम रात्रभर खोलीत राहिलं तर जगलेल्या बीजाणूंना उगवायला उत्तम वेळ मिळतो, आणि सकाळी तुमच्यापुढे आदल्या दिवशीपेक्षा कितीतरी जास्त जिवाणू असतात. त्याच दिवशी पुन्हा घाणा लावता येत नसेल तर माध्यम ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवा. यावरून आठवलं : बीजाणू उगवू द्यायचे आणि मग मारायचे, ही युक्ती शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये वापरली होती. सलग तीन दिवस, रोज अर्धा तास १०० अंश, मधल्या वेळेत खोलीचं तापमान. ऑटोक्लेव्ह अजिबात नसेल तेव्हाच हा मार्ग घ्या, व्यावसायिक प्रयोगशाळेसाठी नाही.

भारनियमनाचं वेळापत्रक बघून घाणा लावणं हा कटकटीचा पण खरा उपाय आहे. पाणी उकळणं, हवा काढणं, दाब चढणं, मग निर्जंतुकीकरण आणि थंड होणं, हे सगळं धरून दीड ते दोन तास सलग वीज हवी. तेवढा वेळ नसेल तर घाणा सुरूच करू नका.

प्रश्न : माध्यम कधी पातळ राहतं, कधी तळाशी पांढरी बुकटी दिसते. साखर आणि अगार तेच, माणसंही तीच. – पंढरपूर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पातळ राहण्याचं कारण बहुतेक वेळा सामू असतो. ऑटोक्लेव्हच्या आधी ५.७ ते ५.८ ठेवा. शिजल्यावर तो ०.३ ते ०.५ ने उतरतोच. आधीच ५.२ असेल तर आम्ल आणि उष्णता मिळून अगारच्या साखळ्या तोडतात, मग ७-८ ग्रॅम प्रतिलिटर घालूनही ते जमत नाही. सामू अगार घालण्यापूर्वी, खोलीच्या तापमानाला मोजा. मीटर दर सकाळी सामू ४ आणि ७ च्या बफरने जुळवा. दुसरं कारण अगार न विरघळता बरणीत ओतण्याचं. अगार आधी उकळत्या माध्यमात पारदर्शक होईपर्यंत विरघळवा, मग ढवळत ढवळत भरा. नाही तर पहिल्या बरण्या पाणचट राहतात आणि शेवटच्या दगडासारख्या होतात.

पांढरी बुकटी म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना भेटले. सामू ६ च्या वर गेला किंवा दोन्हींचं तीव्र द्रावण एकाच बाटलीत केलं तर हेच होतं. एमएस (मुराशिगे-स्कूग) या टिश्यूकल्चरच्या नेहमीच्या माध्यमात कॅल्शियम क्लोराइड ४४० आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १७० मिलीग्रॅम प्रतिलिटर असतं. पातळ द्रावणात ते सुखाने राहतात, शंभर पट तीव्र द्रावणात नाहीत. कॅल्शियमचं स्टॉक (साठवणीचं तीव्र द्रावण) स्वतंत्र, लोह-इडीटीएचंही स्वतंत्र. आधी लागणाऱ्या पाण्यापैकी तीन चतुर्थांश घ्या, मग एकेक स्टॉक घालत प्रत्येकानंतर ढवळा, आणि शेवटी पाणी भरून एक लिटर करा.

प्रश्न : साखर कारखान्यातून थेट मिळणारी साखर वापरली तर खर्च बराच वाचतो. प्रयोगशाळेची सुक्रोजच हवी का? – अकलूज

फुटवे वाढवण्याच्या टप्प्यात कारखान्याची साखर चालते, अनेक व्यावसायिक प्रयोगशाळा ती वापरतात. ३० ग्रॅम प्रतिलिटर हे प्रमाण तेच. काळजी दोन बाबतींत घ्या. पहिली, साखर कोरडी, पांढरी, गुठळ्या नसलेली घ्या. द्रावण पातळ कापडातून किंवा गाळणकागदातून गाळा. एकाच पोत्याची साखर महिनाभर पुरवा, म्हणजे काही बिघडलं तर पोत्यावर बोट ठेवता येईल. दुसरी, साखरेत उष्णता सोसणारे बीजाणू नैसर्गिकच असतात. डबाबंद अन्न बनवणाऱ्या उद्योगात ही जुनी डोकेदुखी आहे. २५ अंशांच्या खोलीत ते सहसा उगवत नाहीत, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांना माध्यम ठेवलं तर त्यांना हवं ते हवामान मिळतं. पहिल्या टप्प्यातली शेंड्याची कल्चर आणि नव्या वाणाची चाचणी या कामांसाठी मात्र शुद्ध सुक्रोजच ठेवा. तिथं साखरेतलं एखादं अशुद्ध द्रव्य हा आणखी एक अनोळखी घटक होतो, आणि कुठे चुकलं ते शोधणं अवघड जातं.

प्रश्न : आमच्या सरांनी जिबरेलिक आम्ल (हेही वाढीचं संप्रेरक) माध्यमात घालायला सांगितलं. ते माध्यमासोबतच ऑटोक्लेव्ह करावं का? दुसरी कोणती द्रव्यं वेगळी घालावीत? – एम.एस्सी. विद्यार्थिनी, सोलापूर

जिबरेलिक आम्ल उष्णतेने बिघडतं. ऑटोक्लेव्ह केलं तर त्याचा मोठा भाग निकामी होतो, आणि तुमच्या वहीत लिहिलेला ०.५ मिलीग्रॅम प्रतिलिटर हा आकडा खोटा ठरतो. ते गाळून निर्जंतुक करा. इंडोल ॲसेटिक आम्ल आणि झियाटिनही वेगळी घालणंच बरं. सेफोटॅक्सिमसारखी प्रतिजैविकं तर नक्कीच. बीएपी, कायनेटिन, एनएए, २,४-डी, टीडीझेड ही संप्रेरकं माध्यमातच घालून ऑटोक्लेव्ह करता येतात.

कृती अशी. १० मिलीग्रॅम जिबरेलिक आम्ल मद्यार्काच्या काही थेंबांत विरघळवा, मग निर्जंतुक पाणी घालून १० मिलिलिटर करा. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलीग्रॅम. लॅमिनारमध्ये, हातमोजे घालून, द्रावण सिरिंजमध्ये घ्या. ०.२२ मायक्रॉनचा निर्जंतुक सिरिंज फिल्टर लावा आणि पहिले चार-पाच थेंब टाकून द्या. उरलेलं निर्जंतुक कुपीत घ्या. इथं हाताला लक्षात येणारी एक गोष्ट आहे. दाबताना सारखा सौम्य विरोध जाणवला पाहिजे. मधेच अचानक विरोध नाहीसा झाला आणि द्रावण भसकन निघालं, तर पडदा फाटला आहे. ती सिरिंज आणि ते सगळं द्रावण बाजूला करा, नवा फिल्टर घ्या. ०.२२ मायक्रॉनचा पडदा जिवाणू अडवतो, विषाणू अडवत नाही.

निर्जंतुक झालेलं माध्यम ४५ ते ५० अंशांपर्यंत उतरू द्या. थर्मामीटर नसेल तर बरणी मनगटावर टेकवा : चटका न बसता काही सेकंद टेकवून धरता आली पाहिजे. त्यापेक्षा गरम असेल तर द्रव्य बिघडतं. फार थंड झालं तर अगार ३५-४० च्या आसपास घट्ट होऊ लागतं आणि थेंब वरच राहतो. लिटरला ०.५ मिलीग्रॅम हवं तर अर्धा मिलिलिटर घाला, फ्लास्क हळू फिरवा, फेस होऊ देऊ नका, आणि लगेच बरण्यांत भरा.

प्रश्न : न उघडलेल्या बरण्या स्वच्छ असतात, तरी को ८६०३२ या ऊसवाणाच्या रोपांच्या बुडाशी दोन-तीन आठवड्यांनी धूसर कडं दिसतं. माध्यम बदललं तरी पुन्हा तेच. – माळशिरस

हे माध्यम किंवा ऑटोक्लेव्हचं काम नाही. ऊस स्वतःच्या आत जिवाणू घेऊन येतो. ग्लुकोनॅसिटोबॅक्टर डायॲझोट्रोफिकस हा नत्र स्थिर करणारा जिवाणू १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये उसातच सापडला होता. तो साखरेच्या, किंचित आम्लधर्मी माध्यमात चांगला वाढतो, म्हणजे नेमकं तुमच्या बरणीतलं हवामान त्याला मानवतं. पृष्ठभागावरचं निर्जंतुकीकरण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

ओळखायचं कसं? माध्यम कच्चं राहिलं असेल तर ठिपके कुठेही आणि पहिल्या आठवड्यातच दिसतात. हाताळणीत चूक झाली असेल तर चिमट्याने ओढलेल्या रेषेवर किंवा एका बाजूला दिसतात, आणि बुरशी असेल तर कापसासारखी असते. धूसर कडं रोपाच्या बुंध्यालाच चिकटून, उशिरा, हळू वाढत असेल, तर ते आतून आलेलं आहे. नक्की करायचं असेल तर बुडाचा छोटा तुकडा निर्जंतुक पाण्यात चिरडून न्यूट्रिअंट अगारवर ओता. शेजारी साखर जास्त घातलेली दुसरी प्लेट ठेवा, कारण यातले काही जिवाणू साध्या न्यूट्रिअंट अगारवर दिसतच नाहीत.

उपाय आईझाडापासून सुरू होतो. बेणं निवडताना रोगमुक्त प्लॉट घ्या. गरज असेल तर बेण्याला ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास प्रक्रिया द्या. पाण्याचं तापमान एका अंशाच्या आत राखता येत नसेल तर हे करू नका, कारण डोळे मरतात. मग शेंडा काढताना पोंग्याच्या आतली पानं एकेक सोलत अगदी लहान भाग घ्या. तुकडा जितका लहान, तितके जिवाणू कमी येतात, पण तो जगण्याची शक्यताही कमी होते. ०.५ ते १ मिलिमीटरपर्यंत जाता आलं तर उत्तम. सुरुवातीला ३ ते ५ मिलिमीटरने शिका. माध्यमात सरसकट प्रतिजैविक घालून वर्षभर काम चालवणं मात्र टाळा. त्याने जिवाणू झाकले जातात, जात नाहीत, आणि रोप शेतात गेल्यावर सगळं पुन्हा उघडं पडतं.

प्रश्न : ऑटोक्लेव्हमध्ये बोअरचं पाणी घालतो. कॉइलवर खवले धरतात. – करमाळा

बोअरच्या पाण्यातले क्षार कॉइलवर बसतात, कॉइल उष्णता देईनाशी होते, आणि एक दिवस घाणा चालू असताना जळते. डिस्टिल्ड किंवा आरओ पाणी घाला. पातळी कॉइलच्या दोन बोटं वर ठेवा. आधीच थर बसला असेल तर सायट्रिक आम्लाचं सौम्य द्रावण टाकून तास-दीड तास तसंच राहू द्या, नंतर दोनदा धुऊन काढा. कॉइल खरडू नका. रबरी रिंगही त्याच दिवशी तपासा : कडा कडक झाली, भेगा दिसल्या किंवा बोटाने दाबून परत फुगत नसेल तर बदला. रिंग गळत असेल तर काटा हळू चढतो आणि घाणा लांबतो, पण कारण लक्षात येत नाही.

प्रश्न : आमच्या घरगुती प्रयोगासाठी स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर चालेल का? – पदवीचा विद्यार्थी, बार्शी

शिकण्यासाठी चालेल, विक्रीसाठी रोपं करायला नाही. तळाशी जाळी किंवा ताटली ठेवा, म्हणजे बरण्या तळाला टेकणार नाहीत. दीड लिटर पाणी घाला. बरण्या एकमेकींपासून आणि झाकणापासून सुट्या ठेवा, पोटात दोन तृतीयांशच माध्यम. शिट्टी न लावता कुकर तापवा, छिद्रातून सलग वाफ येऊ लागल्यावर पाच-सात मिनिटं ती वाहू द्या, मगच शिट्टी लावा. पहिली शिट्टी झाल्यावर आच कमी करा, म्हणजे वजन हलत, कुजबुजत राहील. २५ ते ३० मिनिटं. घरगुती कुकरचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो, म्हणजे १५ पाउंडांच्या जवळ. तो अचूक नसतो, म्हणून वेळ जास्त दिला आहे. पाणी संपतंय का, इकडे लक्ष द्या. आणि शिट्टी उचलून वाफ सोडू नका. स्वतःहून थंड होऊ द्या.

वाफ घाईने सोडली की काय होतं, हे ऑटोक्लेव्हवाल्यांनाही लागू आहे. आतलं माध्यम शंभराच्या वर तापलेलं असतं. भांड्यातला दाब एकदम उतरला की ते उकळून फेसाळतं, कापसाच्या बोळ्यापर्यंत चढतं आणि बोळा ओला होतो. ओला बोळा म्हणजे साखरेची वात. त्यातून बुरशी तीन-चार दिवसांत आत उतरते, आणि दोष उगीच लॅमिनारला जातो. काटा शून्यावर आल्यावर आणखी १० ते १५ मिनिटं थांबून झाकण उघडा.

प्रश्न : झाकणं घट्ट लावावीत की सैल? आणि तयार माध्यम किती दिवस ठेवावं? – मंगळवेढा

पॉलिप्रॉपिलीनची झाकणं असतील तर पाव फेरा सैल ठेवा, थंडावल्यावर घट्ट करा. घट्ट बसवलेली झाकणं वाकतात, कधी काच फुटते. पॉलिथिलीन आणि पॉलिस्टायरिन १२१ ला मऊ पडतात किंवा वितळतात, त्यांना आत घालू नका. रिकाम्या बरण्या किंवा उपकरणं निर्जंतुक करायची असतील तर झाकण सैल असणं आणखी महत्त्वाचं. आत कोरडी हवा अडकली तर ओली वाफ पोहोचत नाही. म्हणून रिकाम्या बरणीत चमचाभर पाणी टाकून ठेवा.

तयार माध्यम सात दिवस तसंच ठेवून, न उघडलेल्या बरण्या तपासून मगच वापरा. तीन आठवड्यांच्या आत संपवा. अंधारात, थंड खोलीत ठेवा, कारण लोह-इडीटीए प्रकाशात बिघडतं. बरणीवर तारीख, माध्यमाचा कोड आणि घाण्याचा क्रमांक मार्करने लिहा. द्रव माध्यमात फुटवे वाढवत असाल तर हे जास्त काटेकोर पाळा. तिथं एक बरणी गढूळ झाल्याचं चटकन दिसतं, पण हलवायच्या यंत्रावर शेजारच्या बरण्या उघडताना तीच बरणी सगळ्यांचं नुकसान करते.

प्रश्न : खराब झालेल्या बरण्या आधी धुवाव्यात की आधी ऑटोक्लेव्ह कराव्यात? – अक्कलकोट

आधी ऑटोक्लेव्ह. झाकण उघडायचं नाही, मोरीजवळ न्यायचं नाही. एक बुरशीची बरणी उघडली की बीजाणू धुळीसारखे उडतात आणि त्याच हवेत उद्या तुम्ही माध्यम भरता. खराब बरण्या वेगळ्या टोपलीत, वेगळ्या घाण्यात, झाकण पाव फेरा सैल करून १२१ अंशांना ४० मिनिटं द्या. ताज्या माध्यमाबरोबर कधीच नाही. थंड झाल्यावर पातळ माध्यम गाळणीतून ओता, अगारचे गोळे कचऱ्यात टाका, मोरीत नको, कारण थंड झालेलं अगार पाइपात बसतं. मग डिटर्जंटने धुवा, आणि शेवटची विसळणी डिस्टिल्ड पाण्याने करा. पुढच्या घाण्यातल्या न उघडलेल्या बरण्यांवर त्या धुतलेल्या बरण्यांचा क्रमांकही लिहून ठेवा.